शुगर असताना मोठ्या आतड्याचा कॅन्सर: मेटफॉर्मिन, एचबीएवनसी आणि पेट स्कॅनचं गणित

"साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो." "मेटफॉर्मिन घेणाऱ्याला कॅन्सर शिवत नाही." "इन्सुलिन सुरू केलं की गाठ वाढते." आमच्या लकडगंजात हे तीन फॉरवर्ड वर्षभर फिरत असतात, कधीकधी तर एकाच घराच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात. तिन्हींमध्ये खऱ्याचा थोडा अंश आहे आणि म्हणूनच ते मरत नाहीत. मी डॉक्टर नाही. यंत्रं, डेटा आणि आकडे सोपे करून सांगणं हे माझं काम. पण ओळखीच्या एका आरामशीनवाल्या काकांनी केमो सुरू असताना तिसरा फॉरवर्ड वाचून इन्सुलिन आपल्या मनानेच बंद केलं, तेव्हापासून हा विषय नीट मांडायचा होता. दुसरे एक शेजारी मला म्हणाले, "मेटफॉर्मिन तर घेऊनच राहिलो ना भाऊ मी, मग कोलनचं काय टेन्शन?" या लेखाचा मोठा भाग त्यांच्या प्रश्नासाठी आहे.

लेखात "शुगर" म्हणजे टाइप २ मधुमेह, कारण आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांना तोच असतो. आणि कॅन्सर म्हणजे मोठ्या आतड्याचा, ज्याला डॉक्टर कोलन कॅन्सर म्हणतात.

आधी आकडे

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. सगळ्यात वरचा क्रमांक आपल्या शेजारच्या गोव्याचा, २६.४ टक्के. मोठ्या आतड्याचा कॅन्सर मात्र आपल्याकडे युरोप-अमेरिकेपेक्षा बराच कमी आढळतो. शुगर असलेल्यांमध्ये त्याचा धोका इतरांपेक्षा साधारण २५ ते ३० टक्क्यांनी जास्त असतो, असं वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र केल्यावर दिसतं. इथे घाबरायचं कारण नाही. मुळात लहान असलेला आकडा ३० टक्क्यांनी वाढला तरी लहानच राहतो. शंभर शुगरवाल्यांपैकी तीस जणांना कॅन्सर होतो, असा याचा अर्थ अजिबात नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. कॅन्सर झालाच, तर शुगर असलेल्या माणसाचं पुढे काय होतं?

यावरचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास २००३ चा आहे, जेफ्री मेयरहार्ट आणि सहकाऱ्यांचा. १९८८ ते १९९२ या काळात अमेरिकेत केमोथेरपीच्या एका मोठ्या चाचणीत कोलन कॅन्सरचे रुग्ण घेतले होते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्याचा आजार, ऑपरेशन झालेलं, पुढे केमो. त्यातल्या ३,७५९ जणांची माहिती या लोकांनी शुगर आहे आणि नाही अशा दोन गटांत तपासली. पाच वर्षांनी हयात असलेले: शुगर नसलेल्यांत ६६ टक्के, शुगर असलेल्यांत ५७ टक्के. या फरकावर कोणी म्हणेल, शुगरवाले हार्ट अटॅकने जास्त जातात, त्यात कॅन्सरचा काय दोष? म्हणून त्यांनी आजार परत उलटण्याचा आकडाही वेगळा काढला. पाच वर्षं आजार न उलटलेले ६४ टक्के विरुद्ध ५६ टक्के. फरक तिथेही राहिलाच. केमोमुळे होणारे जुलाबही शुगरच्या गटात जास्त होते.

हा अभ्यास जुना आहे. तेव्हा ऑक्झॅलिप्लॅटिन हे आजचं नेहमीचं औषध या उपचारात नव्हतं, आणि शुगरची आजची औषधंही नव्हती. त्यामुळे आजच्या रुग्णाने हे टक्के स्वतःला चिकटवून घेऊ नयेत. दिशा मात्र नंतरच्या बहुतेक अभ्यासांत तीच दिसली आहे.

हे होतं कशामुळे?

पहिलं कारण इन्सुलिन. टाइप २ मध्ये सुरुवातीची कित्येक वर्षं शरीरात इन्सुलिन कमी नसतं, उलट जास्त असतं, कारण पेशी त्याचं ऐकत नाहीत आणि स्वादुपिंड आणखी सोडत राहतं. इन्सुलिनचं काम फक्त साखर पेशीत ढकलण्याचं नाही. "वाढा" असा निरोपही ते पेशींना देतं. त्याच्यामुळे आयजीएफ-१ नावाचं आणखी एक वाढीचं द्रव्य रक्तात जास्त मोकळं होतं. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी तशाही काही दिवसांतच बदलतात, त्यांना असा निरोप वर्षानुवर्षं मिळणं चांगलं नाही. यात साखरेपेक्षा इन्सुलिनचा, वजनाचा आणि शरीरात सतत धुमसणाऱ्या सौम्य दाहाचा वाटा मोठा असावा, असं या क्षेत्रातले बरेच लोक मानतात.

मग साखर बंद करून गाठ उपाशी मारता येते का? नाही. तुम्ही एक दाणा साखर खाल्ली नाही तरी तुमचं यकृत स्वतः ग्लुकोज तयार करून रक्तात सोडतं, आणि केमोच्या काळात उपास काढले की गाठीआधी स्नायू झिजतात. पण म्हणून आहाराचा संबंधच नाही असंही नाही. तिसऱ्या टप्प्याच्या १,०११ कोलन रुग्णांच्या आहाराचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जेवणात साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांचा भार सर्वांत जास्त होता, त्यांच्यात आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका सर्वांत कमी भार असलेल्यांपेक्षा जवळपास ८० टक्क्यांनी जास्त दिसला, आणि वजनदार लोकांत तो अधिक ठळक होता. हाही निरीक्षणाचा अभ्यास आहे, शेवटचा शब्द नव्हे. तरी पोळीचा, भाताचा, गोडाचा हिशेब ठेवायला तेवढं कारण पुरे.

दुसरं कारण मला जास्त सतावतं, कारण त्यावर कुठलंही नवं औषध लागत नाही. शुगर असलेल्या माणसाचा कॅन्सर लपून राहतो. वजन उतरलं? शुगर वाढली असेल. थकवा? शुगर. बद्धकोष्ठ? जुनी शुगर आतड्याच्या नसा सुस्त करते, हे खरंच आहे. जुलाब? मेटफॉर्मिनने होतात, हेही खरंच आहे. शौचातून रक्त? मूळव्याध. प्रत्येक लक्षणाला एक तयार उत्तर हाताशी असतं, आणि महिने निघून जातात. भर म्हणून आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. टाटा मेमोरियलमध्ये २०१३-१४ मध्ये आलेल्या सुमारे ८०० आतड्याच्या रुग्णांचं सरासरी वय ४७ होतं. म्हणजे "हा म्हाताऱ्यांचा आजार" हे गृहीतकही आपल्याकडे फारसं चालत नाही.

(लकडगंजातून हमखास येणारा प्रश्न: लाकडाच्या भुशाने होतो का? लाकडाची धूळ कॅन्सरकारक म्हणून जागतिक यादीत आहेच, पण ती नाकाच्या आणि नाकामागच्या पोकळ्यांच्या कॅन्सरसाठी. आतड्यासाठी नाही. आरामशीनवर मास्क लावा, पण वेगळ्या कारणासाठी.)

मेटफॉर्मिन: गोळी चांगली, दावा कच्चा

मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका वनस्पतीत आहे. पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये माणसांवरच्या वापराची माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. आज ती लकडगंजच्या कोणत्याही मेडिकलमध्ये अगदी स्वस्तात मिळते. ती यकृताला साखर बनवण्यापासून रोखते आणि इन्सुलिनची पातळी खाली आणते. वरचा इन्सुलिनचा मुद्दा लक्षात घेतला तर कॅन्सरवाल्यांना तिच्यात रस का वाटला हे कळतं. २००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या नोंदींवरून एक छोटा लेख आला की मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये कॅन्सर कमी दिसतो. त्यानंतर लेखांचा पूरच आला. कोलन कॅन्सर झालेल्यांतही मेटफॉर्मिनवाले जास्त जगतात, असं अनेकांनी दाखवलं.

आता डेटाची गंमत पाहा. समजा मी लकडगंजातल्या जुन्या आरामशिनींचा अभ्यास केला आणि मला आढळलं की ज्यांनी पंचविसाव्या वर्षी रौप्यमहोत्सवाची पूजा घातली, त्या आरामशिनी सरासरी ३५ वर्षं चालल्या. ज्यांनी घातली नाही, त्या सरासरी १२ वर्षं. मी म्हणू का, की रौप्यमहोत्सवाच्या पूजेने आरामशीन टिकते? पूजा घालायलाच आधी पंचवीस वर्षं टिकावं लागतं! तिसऱ्या वर्षी बंद पडलेली आरामशीन आपोआप "पूजा न घातलेल्या" रांगेत जाऊन बसते.

अगदी हीच चूक औषधांच्या अभ्यासात होते. "कॅन्सर झाल्यानंतर कधीही मेटफॉर्मिन घेतलेले" असा गट केला, तर त्या गटात जायला रुग्णाला पहिली चिठ्ठी मिळेपर्यंत जिवंत राहावंच लागतं. जे लवकर गेले ते सगळे दुसऱ्या गटात. औषधाने काहीही केलं नाही तरी तो गट जास्त जगलेला दिसणार. संशोधक याला "अमर काळाचा दोष" अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. सॅमी सुईसा आणि लॉरां अझुले यांनी २०१२ मध्ये मेटफॉर्मिनवरचे अनेक गाजलेले अभ्यास तपासून हा आणि यासारखे दोष त्यांत दाखवून दिले. शिवाय मेटफॉर्मिन बहुतेक वेळा शुगरच्या सुरुवातीला, किडनी ठणठणीत असलेल्यांना दिलं जातं, आणि इन्सुलिन जुन्या, गुंतागुंतीच्या शुगरला. दोन गट मुळातच सारखे नसतात.

यावर उपाय एकच: चिठ्ठी टाकून दोन गट पाडायचे आणि एकाला खरी गोळी, दुसऱ्याला खोटी द्यायची. जपानमध्ये योकोहामाच्या डॉक्टरांनी असं केलं. शुगर नसलेल्या, पण आतड्यातले कोंब, म्हणजे पॉलिप, काढून टाकलेल्या १५१ लोकांना त्यांनी वर्षभर रोज फक्त २५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन किंवा खोटी गोळी दिली. २०१६ मध्ये निकाल आला. कॅन्सरकडे जाऊ शकणारे कोंब पुन्हा दिसण्याचं प्रमाण गोळीच्या गटात ३१ टक्के, खोट्या गोळीच्या गटात ५२ टक्के. आशा वाटावी असा निकाल आहे. पण हे कोंब आहेत, कॅन्सर नव्हे, आणि अभ्यास छोटा. दुसऱ्या बाजूला स्तनाच्या कॅन्सरमध्ये ३,६४९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल लागला आणि मेटफॉर्मिनचा फायदा दिसला नाही.

माझं मत सांगतो. शुगरसाठी डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिलं असेल तर ते उत्तम औषध आहे, घ्या. कॅन्सरवरचं औषध म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका, आणि त्याच्या भरवशावर कोलोनोस्कोपी टाळणं तर मुळीच नको.

इन्सुलिनचं याच्या उलट. २००९ मध्ये ग्लार्जिन इन्सुलिन आणि कॅन्सरचा संबंध सुचवणारे काही लेख एकदम आले आणि जगभर घबराट झाली. तिसऱ्या फॉरवर्डचं मूळ बहुधा तिथेच. पुढे ओरिजिन नावाच्या चाचणीत १२,५३७ लोकांना चिठ्ठी टाकून ग्लार्जिन किंवा नेहमीचे उपचार दिले, सहा वर्षांहून जास्त काळ पाहिलं. २०१२ चा निकाल: कॅन्सरचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच. केमो चालू असताना भीतीपोटी इन्सुलिन सोडलं तर साखर ३००-४०० वर जाते, जंतुसंसर्ग होतो, केमोचा पुढचा डोस लांबतो. काकांचा एक डोस असाच लांबला.

विदर्भात एचबीएवनसी जपून वाचा

"तीन महिन्यांची शुगर" म्हणून जी तपासणी आपण करतो ती एचबीएवनसी. रक्तातल्या लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, त्याला साखर हळूहळू चिकटते. पेशी साधारण १२० दिवस जगते. तिच्यावर किती साखर चिकटली हे मोजलं की गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यात एक गृहीत दडलेलं आहे: पेशी १२० दिवस जगतेय, आणि हिमोग्लोबिन नेहमीचं आहे.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः उजव्या बाजूच्या, डोळ्याला न दिसणारं रक्त महिनोन्महिने जात राहतं. लोह कमी होतं. लोहाच्या कमतरतेत नव्या पेशी कमी बनतात, जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं. रिपोर्ट पाहून गोळ्या वाढवल्या जातात आणि माणसाची साखर धाडकन उतरते. पुढे निदान झालं, रक्ताची बाटली चढवली, लोहाची इंजेक्शनं दिली, तर ताज्या पेशींमुळे तोच आकडा खाली घसरतो. घरचे म्हणतात, "शुगर तर कंट्रोलमध्ये आली!" प्रत्यक्षात साखर जिथली तिथेच असू शकते.

आणि इथे आपल्या भागाचा खास मुद्दा येतो: सिकलसेल. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचं टिपण 'लॅन्सेट'मध्ये १९५८ मध्येच आलं होतं. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात अनेक घरांत हा दोष आहे, आणि कित्येकांना आपण वाहक आहोत हे माहीतच नसतं. पूर्ण आजार असलेल्याच्या लाल पेशी १२० दिवस नव्हे, जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतात. त्याचं एचबीएवनसी वाचण्यात अर्थच नाही. नुसत्या वाहकाच्या पेशी जवळपास नेहमीइतक्या जगतात, पण त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असल्याने काही यंत्रं गोंधळतात. लॅबने एचपीएलसी पद्धतीने तपासणी केली असेल तर रिपोर्टच्या आलेखावर एक जादा टेकाड दिसतं. त्या आलेखाचं पान फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

मग मोजायचं कसं? फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते, पण ती रक्तातल्या प्रथिनांवर आधारलेली असते आणि कॅन्सरच्या रुग्णाची प्रथिनं बरेचदा कमी झालेली असतात. घरचं ग्लुकोमीटर चालतं, फक्त रक्त फारच कमी असेल तर बरीच ग्लुकोमीटरं आकडा वाढवून दाखवतात. दंडावर चिकटवायचा सेन्सर, सीजीएम, साधारण दोन आठवडे दर काही मिनिटांनी त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. त्याला हिमोग्लोबिनशी देणंघेणं नाही, म्हणून अशा रुग्णांसाठी मला ते सर्वांत उपयोगी वाटतं. महाग आहे, हे आहेच. त्यातही दोन खाचा: सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांमध्ये काही कंपन्यांचे सेन्सर साखर खोटी जास्त दाखवतात, आणि क्हिटॅमिन सीच्या जड गोळ्यांनी दुसऱ्या काहींचा आकडा चढतो. सेन्सर घेण्याआधी खोक्यातलं माहितीपत्रक वाचून घ्या, त्यात हे लिहिलेलं असतं.

जाता जाता एक महत्त्वाचं. पुरुषाला, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालं असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबायचं नसतं. रक्त जातंय कुठे हे दुर्बिणीने शोधायचं असतं. शुगर असो वा नसो.

पेट स्कॅनमधली दिवाळी

कोलन कॅन्सरमध्ये सुरुवातीला साधारणपणे सीटी स्कॅन पुरतो. पेट स्कॅन प्रत्येकाला लागत नाही, पण शंका असेल किंवा आजार उलटलाय का हे पाहायचं असेल तर सांगतात. या स्कॅनमध्ये ग्लुकोजसारख्याच एका पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून शिरेतून देतात. त्या फ्लोरिनची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, म्हणून वेळ फार काटेकोर पाळावी लागते. भुकेली गाठ हा पदार्थ ओढून घेते आणि चित्रात चमकते.

शुगरवाल्यांची इथे तीन ठिकाणी अडचण होते. रक्तात आधीच खूप साखर असेल तर ती त्या पदार्थाशी स्पर्धा करते आणि गाठ फिकी दिसते. म्हणून साखर साधारण २०० च्या आत असल्याशिवाय बरीच केंद्रं स्कॅन करत नाहीत. साखर उतरवायला ऐन वेळी इन्सुलिन टोचलं, तर तो पदार्थ स्नायूंमध्ये जातो आणि चित्र बिघडतं. तिसरी अडचण मेटफॉर्मिनची. या गोळीमुळे आतड्याची भिंतच तो पदार्थ जोरात ओढू लागते. अख्खं आतडं उजळून निघतं. दिवाळीत झगमगणाऱ्या इतवारीत एकच पणती शोधायची, तसं काम रेडिओलॉजिस्टला करावं लागतं. म्हणून पोटाचा प्रश्न असेल तर स्कॅनच्या ४८ तास आधी मेटफॉर्मिन थांबवायला सांगतात. नंबर लावतानाच "मी मेटफॉर्मिन घेतो" हे सांगा. गोळ्यांचं नाव काहीही असो, पाकिटावर बारीक अक्षरात काय काय मिसळलंय ते पाहा. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांत ते बहुतेक वेळा असतंच.

ऑपरेशन, केमो आणि नागपूरचा उन्हाळा

डापाग्लिफ्लोझिन या औषधाचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं आणि ते एकदम स्वस्त झालं. लघवीतून साखर बाहेर टाकणारी ही गोळी चांगली आहे, हृदय-किडनीलाही मदत करते. पण उपाशी पोटी, ऑपरेशनच्या ताणात तिच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, आणि फसवणूक अशी की त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसते. ग्लुकोमीटर १८० दाखवतं आणि माणूस मात्र अत्यवस्थ. म्हणून ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी ती बंद करतात. कोलोनोस्कोपीसाठी पोट साफ करण्याच्या दिवशीही डॉक्टरांना विचारूनच गोळ्या घ्या. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन दिवसभर फक्त पातळ पाण्यावर राहिलं तर साखर धोकादायक उतरते.

ऑपरेशनच्या वेळी साखर १८० च्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो, जखम आणि आतड्याचा जोड नीट भरावा म्हणून. त्याहून फार कडक ठेवून फायदा नाही. अतिदक्षता विभागातल्या सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, २००९ मध्ये, कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू जास्त निघाले होते.

केमोच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. सकाळी दिलेल्या स्टेरॉइडने साखर दुपारी-संध्याकाळी चढते, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीची मात्र ठीक येऊ शकते. त्यामुळे त्या दोन-तीन दिवसांत फक्त सकाळी उपाशीपोटी तपासणं म्हणजे चोर संध्याकाळी येतो आणि पहारा सकाळी.

ऑक्झॅलिप्लॅटिन हातापायाच्या नसांवर परिणाम करतं: मुंग्या, बधिरपणा. जुन्या शुगरने आधीच पाय बधिर असतील तर ही भर फार त्रासाची, शर्टाचं बटण लागत नाही इथपर्यंत. २०१८ मध्ये सहा चाचण्या एकत्र करून दिसलं की तिसऱ्या टप्प्यातल्या कमी धोक्याच्या रुग्णांना, विशेषतः केपसायटाबिनच्या जोडीने, तीन महिन्यांचा कोर्स सहा महिन्यांइतकाच जवळपास उपयोगी पडतो. नसांचा मध्यम किंवा तीव्र त्रास सहा महिन्यांच्या कोर्समध्ये सुमारे ४५ टक्क्यांना, तीन महिन्यांच्या कोर्समध्ये साधारण १५ टक्क्यांना. पायात आधीच मुंग्या असतील तर हे ऑन्कोलॉजिस्टला पहिल्या भेटीतच सांगा, कारण हा निर्णय सुरुवातीलाच होतो.

या औषधाची आणखी एक खोड: डोसनंतर काही दिवस गार वस्तू सहन होत नाही. गार पाणी घशात काट्यासारखं टोचतं. मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, माठातलं पाणी बंद! मग माणूस पाणीच कमी पितो. त्यात केमोचे जुलाब. त्यात लघवीतून पाणी काढणारी शुगरची गोळी. किडनीवर ताण आला की मेटफॉर्मिनही शरीरात साठतं. उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणं-पिणं थांबलं, तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू ठेवायचं का हे त्याच दिवशी फोन करून विचारा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. इन्सुलिनचा डोस बदलू शकतो, पण ते आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही. आणि पाणी साधं, खोलीच्या तापमानाचं, थोडं थोडं.

उपचार संपल्यावर

इथे शुगर आणि कॅन्सर दोघांनाही लागू पडणारी एक भक्कम चाचणी हाताशी आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॅलेंज चाचणीत केमो संपवलेल्या ८८९ कोलन रुग्णांना चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं. एका गटाला फक्त आरोग्याची माहितीपुस्तिका, दुसऱ्याला तीन वर्षं मार्गदर्शकासह व्यायाम. पाच वर्षांनी आजार न उलटता हयात असलेले ७३.९ टक्के विरुद्ध ८०.३ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले ८३.२ विरुद्ध ९०.३ टक्के. लक्ष्य काय होतं? आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊणएक तास झपझप चालण्याइतकी जादा हालचाल. मेटफॉर्मिनला जे चिठ्ठीच्या चाचणीत अजून सिद्ध करता आलेलं नाही, ते चालण्याने केलं. फक्त सेंट्रल ॲव्हेन्यूच्या ट्रकांच्या धुरात नको, आणि पाय बधिर असतील तर अनवाणी गवतावर नको.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दलही विचारलं जातं. अमेरिकेतल्या बारा लाखांवर मधुमेहींच्या नोंदींवरून २०२३ मध्ये असं दिसलं की ही औषधं घेणाऱ्यांमध्ये आतड्याचा कॅन्सर इन्सुलिन घेणाऱ्यांपेक्षा कमी होता. नोंदींचाच अभ्यास आहे, तेव्हा रौप्यमहोत्सवाची पूजा आठवा.

शेवटचा मुद्दा कागदांचा. लकडगंजातल्या रुग्णाचे शुगरचे डॉक्टर बहुधा इथेच चालत जाण्याच्या अंतरावर असतात. कॅन्सरचा उपचार मात्र मेडिकलला, तुकडोजी चौकातल्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात किंवा थेट जामठ्याला. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, बोलते ती फक्त तुमची फाइल. २०२१ पासून १४ आकडी आभा क्रमांकावर रिपोर्ट जोडता येतात, पण दोन्हीकडची सिस्टीम जोडलेली असेल तरच. तोवर एका कोऱ्या पानावर लिहून ठेवा: शुगर किती वर्षांपासून, प्रत्येक गोळीतल्या औषधाचं नाव आणि वेळ, इन्सुलिनची युनिटं, शेवटचं क्रिएटिनिन, रक्त चढवल्याची तारीख, घरात सिकलसेल आहे का, पायात मुंग्या कधीपासून. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि दर बदलाला तारीख टाकून नवं पान करा.